मणक्याच्या फ्यूजननंतर घरी: वेदना आणि गोळ्या सांभाळण्याचा क्रम

कमरेच्या मणक्यांचं फ्यूजन करून, म्हणजे स्क्रू आणि रॉड टाकून मणके एकमेकांना जोडून, घरी आलेल्या पेशंटच्या हातून पहिल्या आठवड्यात दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे, ‘आत्ता दुखत नाहीये, मग उगाच पेनकिलर कशाला’ म्हणून सकाळची गोळी टाळली जाते. संध्याकाळपर्यंत पाठीचे स्नायू असे आखडतात की कूस बदलता येत नाही, आणि रात्री अकरा वाजता हाताला लागतील त्या तीन गोळ्या एकदम पोटात जातात. दुसरी चूक म्हणजे घरातल्या औषधांच्या डब्यातली ओळखीची गोळी डिस्चार्ज कार्डवरच्या गोळ्यांच्या जोडीला घेणं. दोन्हींत औषध एकच आहे, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

खालचा क्रम प्रौढ पेशंटसाठी, कमरेच्या फ्यूजनसाठी आहे. डोस तुमच्या सर्जननं लिहिलेलाच धरायचा. इथले आकडे ते लिहिलेलं नीट समजावं आणि नेमका प्रश्न विचारता यावा यासाठी आहेत.

टप्पा १ : ऑपरेशनच्या आधीची यादी

भूल देणारे डॉक्टर ‘काही औषधं चालू आहेत का?’ असं विचारतात तेव्हा बहुतेक जण बीपी आणि शुगर एवढंच सांगतात. यादीत याही गोष्टी हव्यात:

• रक्त पातळ करणारी गोळी (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे). ती कधी बंद करायची आणि कधी परत सुरू करायची, दोन्ही तारखा लिहून घ्या. बंद केलेली गोळी परत सुरू करायला विसरणं ही नेहमीची गफलत आहे.
• झोपेची किंवा घबराटीची गोळी (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम). ट्रामाडॉलसारख्या तीव्र पेनकिलरबरोबर ती घेतली तर श्वास मंदावू शकतो.
• नैराश्याची गोळी (एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन). ट्रामाडॉलशी तिचं जमत नाही. थरथर, घाम, बेचैनी, क्वचित फिट येऊ शकते. कधीही फिट आली असेल तर तेही सांगा.
• अल्सर, दमा, किडनी किंवा लिव्हरचा त्रास, रोजची दारू.
• गुडघेदुखीसाठी कुणीतरी आणून दिलेली पुडी. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते बरेच दिवस पोटात गेलं असेल तर जखम भरण्यावर परिणाम होतो.
• तंबाखू, गुटखा, सिगारेट, आणि मिश्री. मिश्रीला घरात कुणी ‘व्यसन’ म्हणत नाही म्हणून ती सांगितली जात नाही. निकोटिन मात्र तिच्यातही आहे, आणि निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो.

घरी कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. पलंग गुडघ्याच्या उंचीचा हवा. पाणी, गोळ्या, फोन आणि वही कोपराच्या उंचीच्या टेबलावर असू द्या. जमिनीवर ठेवलेली पाण्याची बाटली म्हणजे वाकायला आमंत्रण.

टप्पा २ : डिस्चार्ज कार्ड वाचणं

हॉस्पिटल सोडण्याआधी नर्स किंवा डॉक्टरांसमोर बसून प्रत्येक पाकिटावरचं ठळक ब्रँडचं नाव बाजूला ठेवा आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव वाचा. साधारण इतके गट निघतात:

१. पॅरासिटामॉल. पाया हाच.
२. तीव्र पेनकिलर, म्हणजे ओपिऑइड: ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा बुप्रेनॉर्फिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी).
३. नसेच्या दुखण्याची गोळी: प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन. बऱ्याचदा मिथाइलकोबालमिनबरोबर (व्हिटॅमिन बी १२ चा एक प्रकार) एकाच कॅप्सूलमध्ये असते.
४. स्नायू सैल करणारी गोळी: थायोकोल्चिकोसाइडसारखी. ही थोडे दिवसच.
५. सूज कमी करणारी पेनकिलर: आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब. ही प्रत्येकाला देत नाहीत.
६. बाकी: अँटिबायोटिक, पोटासाठी पँटोप्राझोल, जुलाबाचं (म्हणजे पोट साफ करणारं) औषध, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी.

आता बेरीज करायची. समजा कार्डवर ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची एकत्र गोळी (३७.५ आणि ३२५ मिलिग्रॅम) दिवसातून ३ वेळा आणि डोलो ६५० दिवसातून ३ वेळा आहे. पॅरासिटामॉल झालं ९७५ अधिक १९५०, म्हणजे २९२५ मिलिग्रॅम. इथपर्यंत ठीक. दुपारी पाठ ठणकली म्हणून घरातल्या दोन कॉम्बिफ्लॅम घेतल्या. प्रत्येकीत ३२५ पॅरासिटामॉल, म्हणजे ३५७५. वर सर्दी झाली म्हणून ५०० पॅरासिटामॉल असलेल्या सर्दीच्या दोन गोळ्या. बेरीज ४५७५. निरोगी प्रौढाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. घरी स्वतःच्या हिशेबावर असताना ३००० च्या वर न जाणं बरं, आणि वजन ५० किलोहून कमी, लिव्हरचा आजार किंवा रोजची दारू असेल तर त्याहूनही कमी. ती मर्यादा डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. शिवाय त्या दोन कॉम्बिफ्लॅममधून आयब्युप्रोफेनही गेलं. कार्डवर असिक्लोफिनॅक असेल तर एकाच गटाची दोन औषधं झाली. त्यानं वेदना दुपटीनं कमी होत नाही, पोट आणि किडनीवरचा भार मात्र वाढतो.

तपासा : व्हिटॅमिन डी ६०,००० युनिटची कॅप्सूल किंवा पुडी आहे का? ती सहसा आठवड्यातून एकदाच असते. बाकीच्या गोळ्यांच्या रांगेत ठेवली की रोज घेतली जाते. वार लिहून वेगळ्या डबीत ठेवा.

निघण्यापूर्वी चार प्रश्न विचारून उत्तरं कार्डवरच लिहून घ्या. मध्येच जास्त दुखलं तर कोणती गोळी, किती आणि किती तासांनी? सूज कमी करणाऱ्या पेनकिलर मला चालतात का? तीव्र गोळी कोणत्या तारखेपासून कमी करायची? रात्री अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. प्रिस्क्रिप्शन नसेल तर मेडिकलवाला ते देणार नाही, आणि देऊही नये. तेव्हा शुक्रवारी गोळ्या मोजा. रविवारी संध्याकाळी शेवटची गोळी संपली की पुढची रात्र अवघड जाते.

टप्पा ३ : पहिले दोन आठवडे घड्याळावर

या काळात दुखण्याची वाट बघत बसायचं नाही. गोळीचा परिणाम जाणवायला अर्धा ते एक तास लागतो आणि तो काही तासांत ओसरतो. वेदना वर चढू दिली तर तीच गोळी अपुरी पडते आणि जास्त घ्यावी लागते.

एकत्र गोळी तीन वेळा आणि साधी पॅरासिटामॉल दोन वेळा असेल तर असं बसवता येतं:

सकाळी ६ : एकत्र गोळी
सकाळी १० : पॅरासिटामॉल ६५०
दुपारी २ : एकत्र गोळी
संध्याकाळी ६ : पॅरासिटामॉल ६५०
रात्री १० : एकत्र गोळी आणि प्रीगाबालिन

पॅरासिटामॉल असलेल्या कोणत्याही दोन गोळ्यांत किमान ४ तास राहतात आणि दिवसाची बेरीज २२७५ होते. पँटोप्राझोल सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. नाश्त्यानंतर घेतली तर तिचा फायदा कमी होतो. पेनकिलर मात्र काहीतरी खाऊन. सकाळी ६ ला दोन बिस्किटंही पुरतात. चालायला किंवा फिजिओथेरपीला सुरुवात गोळीनंतर पाऊण तासानं करा.

वहीत चार रकाने ठेवा: वेळ, गोळी, गोळीआधीची वेदना ० ते १० मध्ये, आणि त्या वेळी काय करता येत होतं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कूस बदलता येते, खोकता येतं, बाथरूमपर्यंत चालता येतं, तर वेदना ४ असली तरी औषध पुरेसं आहे. शून्यावर आणायचा हट्ट धरला की गोळ्या वाढतात आणि पेशंट दिवसभर गुंगीत पडून राहतो.

डोस चुकला आणि पुढच्याला ४ तासांहून कमी उरले असतील तर चुकलेला सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

सावध : बुप्रेनॉर्फिनचा पॅच असेल तर त्यावर लावल्याची तारीख पेननं लिहा. साधारण ७ दिवसांनी बदलायचा असतो, आणि नवा लावण्याआधी जुना काढायचा. पॅचवर किंवा त्याच्या जवळ गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेनं औषध एकदम जास्त शोषलं जातं.

टप्पा ४ : गोळीशिवायचं काम

घरी होणाऱ्या वेदनेचा मोठा वाटा चुकीच्या हालचालीतून येतो, आणि त्यातही अंथरुणातून उठण्यातून. नातेवाईक समोरून हात देतात, पेशंट हाताला किंवा गळ्याला धरून स्वतःला ओढून घेतो, कंबर पिळली जाते, जोराची कळ येते. मग ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार. उठायचं असं:

१. उताणं झोपून एकेक करून दोन्ही गुडघे वाकवा.
२. खांदा आणि कुल्हा एकाच वेळी वळवून कुशीवर या, ओंडका वळावा तसं. आधी खांदा मग कंबर, असं नाही.
३. पलंगाच्या कडेशी सरका.
४. पाय खाली सोडतानाच खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून धड वर आणा.
५. मिनिटभर कडेला बसा. गोळ्यांमुळे चक्कर येऊ शकते. मग उभं राहा.

झोपताना हेच उलट क्रमानं. मदतनिसानं बाजूला उभं राहून खांदा आणि कुल्ह्याला आधार द्यायचा, ओढायचं नाही.

बसणं सुरुवातीला २० ते ३० मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि खुर्चीतच. मांडी घालून पूजेला बसणं, विळीवर भाजी चिरणं, वाकून केर काढणं, भरलेली बादली उचलणं, सिलेंडर सरकवणं हे सगळं सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून: ५ मिनिटं, दिवसातून ५–६ वेळा, रोज एखाद-दोन मिनिटं वाढवत. कमरेचा पट्टा सांगितल्याइतकाच वेळ वापरा, झोपतानाचा नियम विचारून घ्या.

जखमेच्या आजूबाजूला बर्फ, पातळ टॉवेलमध्ये गुंडाळून, १५ मिनिटं. ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही. शेक, तेल, मालीश टाके निघून जखम पूर्ण कोरडी होईपर्यंत अजिबात नाही. ‘जरा कोमट तेल चोळते’ हा आग्रह प्रेमाचाच असतो, पण इथे ठाम नाही म्हणा. पाठीत स्क्रू असलेल्या माणसाला हाडवैद्याकडे नेणं तर सरळ धोक्याचं.

टप्पा ५ : पोट, मळमळ, गुंगी

ओपिऑइडमुळे होणारी बद्धकोष्ठता चार दिवसांनी आपोआप सवयीची होत नाही. गोळी चालू असेपर्यंत तीही राहते. म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या ओपिऑइड गोळीबरोबरच सुरू व्हायला हवं. कार्डवर नसेल तर विचारा. सहसा रात्री लॅक्टुलोज १५ ते ३० मिलिलीटर किंवा बिसाकोडिलची ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. बिसाकोडिल दुधाबरोबर घेऊ नका. आपल्याकडे रात्रीची गोळी कोमट दुधाबरोबर घ्यायची पद्धत आहे, पण दुधामुळे तिचं आवरण पोटातच विरघळतं आणि मुरडा येतो. मध्ये किमान एक तास जाऊ द्या. साध्या पाण्याबरोबर घेतलेली गोळी ६ ते १२ तासांत काम करते.

इसबगोल इथे एकट्यानं पुरत नाही. पाणी कमी आणि हालचाल कमी असताना ते आतड्यात गोळा होऊन बसतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही पोट घट्ट करतात, हे हिशेबात धरा. पाणी दिवसाला दोन-अडीच लिटर, हृदय किंवा किडनीसाठी बंधन नसेल तर. तिसऱ्या दिवशीही पोट साफ झालं नाही तर फोन करा. जोर लावून कुंथू नका, त्यानं टाक्यांवर आणि कमरेवर ताण येतो.

मळमळ बहुतेक वेळा रिकाम्या पोटी घेतलेल्या ट्रामाडॉलची असते. आधी थोडं खा. तरीही उलटी होत असेल तर गोळी बदलून मिळते, सोसत बसू नका. प्रीगाबालिननं गुंगी, तोल जाणं, कधी पावलांवर सूज येते. रात्री बाथरूमला जाताना दिवा लावा आणि कुणाला तरी उठवा, कारण या काळात पडणं परवडणारं नाही. ओपिऑइड किंवा प्रीगाबालिन चालू असेपर्यंत स्कूटर, गाडी आणि दारू बंद.

सावध : पेशंट हाका मारूनही नीट जागा होत नसेल, मिनिटाला १० पेक्षा कमी श्वास घेत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पुढची गोळी देऊ नका आणि लगेच १०८ ला फोन करा. ‘शांत झोपलाय, झोपू दे’ म्हणायची ही वेळ नाही.

टप्पा ६ : ज्या भीतीपोटी गोळ्या अर्ध्यात सोडल्या जातात

‘सवय लागेल.’ दोन-तीन आठवडे ओपिऑइड घेतल्यावर शरीर त्याला सरावतं आणि एकदम थांबवलं तर त्रास होतो. हे व्यसन नव्हे. व्यसनाची चिन्हं वेगळी: वेदना नसताना झोपेसाठी किंवा बरं वाटावं म्हणून गोळी घेणं, वहीतला आकडा आणि पाकिटातल्या गोळ्या न जुळणं, दुसऱ्या डॉक्टरकडून गुपचूप आणणं. यातलं काही दिसलं तर न रागावता सर्जनला सांगा. पूर्वी दारूचं किंवा गोळ्यांचं व्यसन असेल तर गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसानं मोजून द्याव्यात.

‘किडनी जाईल.’ ही भीती टप्पा २ मधल्या पाचव्या गटाबद्दल रास्त आहे, विशेषतः वय साठच्या पुढे, डायबेटीस, बीपीच्या काही गोळ्या आणि कमी पाणी हे एकत्र आलं तर. मर्यादेत घेतलेल्या पॅरासिटामॉलबद्दल तिला फारसा आधार नाही. गंमत अशी की किडनीच्या धास्तीनं पॅरासिटामॉल टाळणारे लोक मेडिकलमधून डायक्लोफिनॅक मात्र बिनधास्त आणतात. किडनी आधीच कमजोर असेल तर प्रीगाबालिनचा डोसही कमी करावा लागतो.

‘हाड जुळणार नाही.’ हाही प्रश्न त्याच पाचव्या गटाचा. मोठ्या डोसमध्ये, लांब काळ घेतल्या तर फ्यूजनवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे काही सर्जन सुरुवातीचे थोडे दिवस देतात, काही महिनोनमहिने टाळतात. तुमच्या सर्जनचं मत हेच तुमच्यासाठी उत्तर. शेजारच्या पेशंटला चालली म्हणून घेऊ नका. आणि मिश्री लावत लावत या गोळीची काळजी करण्यात अर्थ नाही.

टप्पा ७ : कमी करण्याचा क्रम

इथे सगळ्यात जास्त चुकतं. बरं वाटलं की पेशंट सगळं एकदम बंद करतो, किंवा पॅरासिटामॉल आधी सोडून तीव्र गोळी ‘लागेल’ म्हणून ठेवतो. क्रम नेमका उलटा आहे.

१. आधी ओपिऑइड. कूस बदलणं आणि घरात चालणं जमायला लागलं की सर्जनच्या संमतीनं दुपारची गोळी काढा, तिच्या जागी साधी पॅरासिटामॉल. तीन दिवस ठीक गेले की सकाळची काढा. रात्रीची सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोळी.
२. स्नायू सैल करणारी गोळी सहसा आधीच संपलेली असते. तिचं पाकीट परत आणू नका.
३. प्रीगाबालिन काही आठवडे चालते. एकदम बंद केली तर झोप उडते, घाम येतो, बेचैनी होते. डॉक्टर सांगतील तेव्हाच, किमान एका आठवड्यात टप्प्याटप्प्यानं.
४. पॅरासिटामॉल शेवटी. आधी ठरल्या वेळी, मग चालण्याआधी, मग लागली तरच.

तपासा : गोळी कमी केल्यावर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पातळ शौच, झोप न लागणं सुरू झालं, तर घाईनं कमी केली आहे. डॉक्टरांना विचारून एक पायरी मागे या, तीन-चार दिवस थांबा, मग पुन्हा. फक्त कमरेचं दुखणं वाढलं असेल तर आदल्या दिवशी काय जास्त झालं ते वहीत बघा.

टप्पा ८ : तिसऱ्या आठवड्यानंतरचं दुखणं ओळखणं

हाड जुळायला महिने लागतात, कधी वर्षभर. तोवर दुखणं सरळ रेषेत उतरत नाही. मोकळी झालेली नस काही आठवडे पायात जळजळ, मुंग्या, विजेसारखी चमक देते. जागा बदलणारी आणि हळूहळू विरळ होत जाणारी असेल तर घाबरायचं कारण नाही. चालणं वाढवल्यावरचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं, तर वाढवलेलं अर्ध्यावर आणा.

पुढचं काही दिसलं तर गोळी वाढवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा:

• लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा. हे तासांच्या हिशेबाचं काम आहे, सकाळची वाट बघू नका.
• पायाची ताकद कमी होणं, पाऊल घसटणं.
• १०१ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, जखम लाल, गरम, पू. पॅरासिटामॉल ताप झाकतं, म्हणून तापमान गोळीच्या आधी मोजा.
• जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ स्राव, आणि उठून बसलं की वाढणारी, झोपलं की उतरणारी डोकेदुखी.
• एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. अचानक धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट १०८.
• काळी, डांबरासारखी शौच.

उरलेल्या ओपिऑइड गोळ्या मोजून पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि त्यांचं काय करायचं ते विचारा. तोवर कुलपात ठेवा. वापरलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि लहान मुलाच्या हाती लागणार नाही असा टाका. त्यात औषध उरलेलं असतं. शेजारच्या काकांची कंबर धरली म्हणून यातली एकही गोळी त्यांना द्यायची नाही. त्यांच्या गोळ्यांच्या यादीत काय आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही.